तळी फोडणारा राखणदार

साक्रीकडच्या आमच्या रानाचा राखणदार मला अक्का म्हणे आणि बोलताना पायाच्या अंगठ्याने माती उकरत राही. ओली फांदी तोडली म्हणून त्याने दोनदा माझा विळा काढून घेतला होता. "रान सरकारी शे, अक्का," एवढंच म्हणाला, तेही हसून. मला राग आला नाही. वाटलं, रान राखतो आहे.

रानात पावसाने भरणारी तीन तळी आहेत. त्यांचं पाणी वैशाखापर्यंत पुरतं. यंदा रानखात्याचा साहेब हरणांच्या शिकारीला यायचा ठरला, तेव्हा चैत्रातच राखणदाराने दोन तळ्यांचे काठ कुदळीने फोडले आणि जवळच्याच तिसऱ्याच्या काठावर मचाण बांधलं. त्याच सांजेला मी लाकडं घेऊन परतत होते. फोडलेल्या तळ्याच्या चिखलात मासे तडफडत होते, वर टिटव्या किंचाळत होत्या. तो काठावर विडी ओढत बसला होता.

"हे काय केलंत, भाऊ?"

"पानी एकच जागे राहीनं ते हरनं तठेच येतीन. जातीन कोठे?"

परपुरुषापुढे मी कधी आवाज चढवला नव्हता. "फांदी सरकारची, आणि पाणी काय तुमच्या बापाचं?"

तो दचकून उठला. "हळू बोल, अक्का. साहेब मचाणवर बठेल शे. जनावर बिचकी जाई."

मग मी आणखी मोठ्याने ओरडले.