गावठी, बॉयलरचं आणि तिकडचं

जर्मनीत माझे बाबा अंड्यावरून रुसले, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. ऐंशीला टेकलेला माणूस रोज सकाळी माझ्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसायचा, समोरच्या अंड्याकडे संशयाने बघायचा, एक घास खायचा आणि ताटली पुढे सरकवायचा. "ह्याला चव नाय," एवढंच म्हणायचा. मग दुपारपर्यंत तोंडात काही नाही. मी ऑफिसातून फोन करून विचारायचे, तर जेवलो म्हणून सांगायचे, आणि संध्याकाळी डबा जसाच्या तसा.

तिकडे अंड्यावर शिक्का असतो. कुठल्या देशातलं, कोंबडी पिंजऱ्यातली की मोकळी फिरणारी, सगळं त्यावरून कळतं. मी कौतुकाने दाखवलं, बाबा, ही मोकळी फिरणारी कोंबडी आहे. ते म्हणाले, "फिरत असंल. खाते काय?" आता हे मला काय ठाऊक? बलक बघून म्हणाले, हळद घातलीय काय ह्यात. तिथल्या लोकांना बलक नारंगी लागतो म्हणून कोंबड्यांना खाणंच तसं घालतात, हे मी सांगितल्यावर तर त्यांनी हातच टेकले. माझं डोकं फिरायचं. मुलगी इतक्या मायेने करते आणि हा बाप अंड्याचे दोष काढत बसतो.

खरं तर त्यांच्यावर चिडायचा मला काही हक्क नव्हता. माझीही जीभ त्यांच्यासारखीच. नोकरीच्या पायी मी आधी मस्कतला होते. तिथली अंडी कुठून कुठून बोटीने, विमानाने आलेली. उकडली तरी पाण्यासारखी लागायची. मग कंपनीने काही महिने जपानला पाठवलं. तिथे गरम भातावर कच्चं अंडं फोडून घेतात. पहिल्यांदा मळमळलं, पण चव सांगू? गोड. दुधावरच्या सायीसारखी. इतकं चांगलं अंडं मी घराबाहेर कुठेच खाल्लं नाही, आणि ते कच्चं खाल्लं हे आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

जर्मनीत पोचले त्याच दिवशी दुकानात गेले आणि बघते तर काय, फळीवर सगळी तपकिरी अंडी. आमच्या रोह्यात पांढरं ते बॉयलरचं आणि तपकिरी ते गावठी, विषय संपला. बॉयलर हा शब्द चुकीचा आहे, खरा ब्रॉयलर, हे मला कॉलेजात कळलं, पण आजही तोंडातून बॉयलरच येतं. मी दुकानातूनच आईला फोन लावला. म्हटलं, आई, इथे सगळी गावठीच मिळतात, आणि कसली स्वस्त. आईने ते अख्ख्या आळीत सांगितलं. माझी लेक तिकडं रोज गावठी खाते गो. रात्री ते अंडं उकडून मीठ लावून खाल्लं, तर ओला कागद चावल्यागत. आईचा मान राहू दे म्हणून मी गप्प बसले.

आमचं घर रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमी गावात. मागे परसात आईच्या कोंबड्या. आई कासूकडची, खाडीच्या अंगची. बाबा आतल्या गावातले, भातशेतीवाले. आई कोंबड्यांना सुकटीची डोकी, उरलासुरला जवळा, म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी, घालायची आणि त्या तुटून पडायच्या. त्यांच्या अंड्याला वशट वास यायचा. बाबा पहिल्या घासाला नाक मुरडायचे. आमच्याकडच्या कोंबड्या कोंडा खायच्या, वाळवी खायच्या, त्यांची अंडी कशी गोड, हे पुराण सुरू व्हायचं. आई म्हणायची, मग जा तुमच्या गोड अंड्यांकडं. पेण तालुक्यातलं अंडं आणि रोहा तालुक्यातलं अंडं, असे आमच्या एका घरात दोन देश होते. नाक मुरडून बाबा दोन अंडी चापून खायचे ते वेगळंच.

आई गेली. कोंबड्या शेजारच्या वहिनींना देऊन टाकल्या, त्यांनी त्या काही दिवसांत कापून खाल्ल्या, त्यांचाही दोष नाही. बाबा एकटे राहिले. फोनवर जेवलो, जेवलो म्हणत आणि व्हिडिओवर गालफडं दिसत. मी एकुलती एक. नोकरी सोडून रोह्याला येऊन बसणं मला परवडणारं नाही आणि खरं सांगते, मनातही नाही. म्हणून त्यांना जर्मनीला घेऊन गेले. कायमचे या, असं मी त्यांना किती विनवलं. मला तिकडे तरी कोण आहे? पण ते ऐकेनात. कारण काय, तर अंडं. माणूस परक्या देशात राहायला नको म्हणण्यासाठी हजार कारणं देईल. थंडी म्हणेल, भाषा म्हणेल. ह्यांनी एकच धरलं. घरचं अंडं खाल्लं की बघ कसा धडधाकट होतो, म्हणाले.

शेवटी मी हरले. रजा काढून त्यांना घरी घेऊन आले आणि विमानातच ठरवून टाकलं, त्यांच्याशी बोललेही. इथे येऊन नीट जेवायला लागलात, अंगावर मांस धरलंत, तर स्वयंपाकाला बाई लावून देते आणि तुम्हाला तुमच्या घरात सोडून जाते, पुन्हा तिकडचं नाव काढणार नाही. नाही जेवलात तर माझ्याबरोबर परत यायचं, कायमचं. ते म्हणाले, "चालंल." इतक्या आनंदाने म्हणाले की मला राग आला. माझ्यापासून लांब राहण्याची ही हौस.

पहिल्या सकाळी नाक्यावरच्या दुकानातून अंडी आणली, पोळी केली. आमच्याकडे ऑमलेटला अंड्याची पोळी म्हणतात. तांदळाची भाकरी, वर ती पोळी. बाबांनी घास घेतला, थोडा वेळ चघळला. म्हणाले, बॉयलरचं हाय. बरोबर होतं, बॉयलरचंच होतं. मी खजील झाले, म्हटलं गावठी आणते.

बँकेच्या कामाला पेणला गेले होते, येताना रामवाडीला एक बाई टोपलीत गावठी अंडी घेऊन बसलेली दिसली. घेतली. दुसऱ्या दिवशी पोळी. बाबांनी अर्धी खाल्ली. "ही चहाची हायेत," म्हणाले. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून गावठी म्हणून विकतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत आहे, आणि मी परदेश फिरून आलेली बया फसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उरलेली अंडी घेऊन मी एसटीने पुन्हा रामवाडी गाठली. भर रस्त्यात त्या बाईला नाही नाही ते बोलले. तिने माझ्या हातातलं अंडं घेतलं, थुंकी लावून पदराने घासलं. रंग निघेना. मी घासलं. मलाही निघेना. मी तरी ऐकते होय? म्हटलं, काहीतरी दुसरं लावलं असशील. तिने तोंड फिरवून दुसरं गिऱ्हाईक घेतलं.

आता एकच जागा उरली होती. पॅसेंजर पकडून कासूला उतरले आणि तिथून रिक्षाने मामीकडे, आईच्या माहेरी. मामी अजून कोंबड्या पाळते. मला बघून, "किती वाळलीस गो," म्हणाली. काम सांगितल्यावर हसली, म्हणाली, एवढ्यासाठी आलीस व्हय. एक अंडं तर तिने माझ्यासमोर डालग्यात हात घालून काढलं, हाताला ऊब लागत होती. डब्यात तांदूळ ओतून त्यात अंडी खोचून दिली, फुटू नयेत म्हणून. वर पुडीभर जवळा दिला, दाजींना पोळीत घालून दे म्हणाली, तुझी आई द्यायची तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तव्यावर जवळा टाकला. काय वास सुटला म्हणून सांगू. आईचा जीव जिथे होता तिथला वास. मला रडू यायला लागलं आणि भूकही लागली. खिडकीतून शेजारच्या वहिनी ओरडल्या, "काय घमघमाट गो! पार रस्त्यापर्यंत आला." बाबा दाराशीच खुर्ची टाकून बसले होते, चुलीपासून चार हातांवर. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "आज काय करतेस?"

गंमत करतायत असं मी स्वतःला सांगून पाहिलं. मग तवा उचलला आणि त्यांच्या नाकापुढे नेला. धूर त्यांच्या डोळ्यांत गेला, त्यांनी डोळे पुसले.

"बाबा, वास येतोय?"

"कसला?"

अंडी फोडली, पोळी केली, भाकरीवर घालून त्यांच्यापुढे ठेवली. दुसरं करायचं तरी काय होतं? त्यांनी घास घेतला. खूप वेळ चावला. पोळीतला जवळा बोटाने बाजूला काढून पाहिला. तेव्हा त्यांना कळलं त्यात काय आहे. कासूला जाऊन आले हे मी सांगितलं होतं, जवळ्याचं नव्हतं.

"हे पण तिकडच्यासारखंच हाय," ते म्हणाले.

मग हळूहळू सांगितलं. आई गेल्यावर त्यांना ताप आला होता, माझ्यापासून लपवलेला. तेव्हापासून ना चव लागत होती, ना वास येत होता. त्यांना वाटलं, बायको गेल्यावर माणसाला कुठली चव लागायची. मग मी घेऊन गेले, तर वाटलं, परका मुलूख, तिथलं अंडं असंच असणार. घरी आल्यावर चव येईल, ह्या आशेवर माणूस माझ्याशी भांडत राहिला. दुकानातलं बॉयलरचं निघालं तेव्हा त्यांना बरं वाटलं होतं. रामवाडीचं चहाचं असणार म्हणाले, तेही त्यासाठीच. मी त्या बाईला रस्त्यात शिव्या घालून आले.

"आता कासूपर्यंत जाऊन आलीस," बाबा म्हणाले. "आणखी कुठं जाशील? चल, तुझ्याकडंच येतो. पासपोर्ट हाताशी ठेव माझा."

हेच ऐकायला मी किती महिने त्यांच्यामागे लागले होते. आता ते कबूल झाले होते आणि मला तेच नको झालं. ते भांडत होते तोवर त्यांना काहीतरी हवं होतं. मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसले आणि म्हटलं, नको बाबा, तुम्ही इथेच राहा, मी रजा वाढवते, मी बघते काहीतरी.

"इथं म्हंजे कुठं गो? इथलं नि तिकडलं एकच लागतं मला," ते म्हणाले.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, ताटली पुन्हा जवळ ओढली, आणि मी केली होती म्हणून उरलेली पोळी सगळी खाल्ली.