आत्याच्या गळ्यातल्या शिंपल्याचं भोक

भालकीकडच्या माणसांनो, आज सकाळी रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जे कळलं, ते कळलं नसतं तर बरं झालं असतं.

माझी मोठी आत्या आपल्या भालकीजवळच्या मेहकरात राहते, वय पंच्याऐंशी. तिच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेला एक छोटा शिंपला असतो. टोपीसारखा, शेंड्याला भोक असलेला. निजामाच्या शेवटच्या वर्षांत तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, गाव सोडून कोकणात मजुरीला गेले. तिथून गावच्या एका माणसाजवळ त्यांनी हा शिंपला पाठवला. स्वतः आले नाहीत, तापानं तिकडंच गेले. "माझ्या अप्पानं मला घालायला हातानं भोक पाडलंय," असं आत्या सगळ्यांना सांगत आली.

आज ओहोटीला खडकावर तसाच शिंपला दिसला, आत जिवंत गोगलगाय. त्यालाही भोक. सोबतच्या जीवशास्त्राच्या बाईंनी एक रिकामा शिंपला उलटा करून दाखवला.

"हे कुणी पाडलेलं नाही. कड बघा किती गुळगुळीत आहे. या गोगलगायीला ते असतंच. आत घेतलेलं पाणी ती त्यातून बाहेर सोडते."

दुपारी आत्याचा फोन आला. "घावला का रं माझ्यासारखा?"

मला खोटं बोलवेना. सगळं सांगून टाकलं.

ती मग म्हणाली, "आसंल. पर दोरा तर अप्पानंच ओवला न्हवं?"

मी व्हय म्हणालो. तो दोरा मागच्या दिवाळीत मीच बदललाय.

तुम्ही काय म्हणाला असता?