मद्रासचा आज्जा

पाटोद्याच्या बाजारातले फ्रेमवाले चाचा गिऱ्हाइकाचं तोंड बघत नसत, कान बघत. मास्तर असो की तहसीलदार, आधी कान धरून उजेडाकडे वळवायचे आणि मग त्याला आज्जा शोधून द्यायचे.

त्यांच्या दुकानात इंग्रजांच्या काळातल्या फोटोंचा आणि पोस्टकार्डांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात भिस्ती, धोबी, टांगेवाले, घडे घेतलेल्या बाया. पितृपंधरवडा जवळ आला की ज्यांच्या घरी पूर्वजांचा फोटोच नाही, ते चाचांकडे जात. "नाक दगा देतं, कान न्हाई देत," म्हणत चाचा डबा उपसत आणि एक कार्ड काढून छातीठोकपणे सांगत, "हा बघ तुजा आज्जा!" मला त्यांनी एक दहीवाली पणजी दिली. कान माझेच होते, नाही कसं म्हणू?

मेंढपाळ बिरूमामांच्या आज्ज्याला मात्र एका कोकरानं ढुशी मारली. काच फुटली, कडेचा पुठ्ठा निघाला आणि खाली इंग्रजी अक्षरं दिसली. मामा फ्रेम घेऊन माझ्याकडे आले. मी मूर्खासारखं खरं वाचून दाखवलं: "मद्रासचा न्हावी."

मामा फ्रेम आणि काठी घेऊन तडक दुकानाकडे निघाले. मी मागून पळालो. माझ्या शहाणपणापायी चाचांची अब्रू जाणार आणि अर्ध्या तालुक्याचे पूर्वज एका दिवसात बेवारस होणार, हे मला दिसत होतं.

"चाचा, ह्यो मद्रासचा हाय म्हणं!"

चाचांनी नाकबूल केलं नाही. चष्मा पुसत म्हणाले, "हाय. त्या गोऱ्यांनी फोटो काढले, पर नाव कुणाचंच न्हाई लिवलं. नुसतं न्हावी, भिस्ती. मला लई वाईट वाटायचं. म्हणलं, कुणाच्या तरी घरी लावून देऊ."

मामांनी काठी भिंतीला टेकवली, न्हाव्याची फ्रेम चाचांपुढे ठेवली आणि म्हणाले, "काच बशीव. चार वर्सं जेवाय वाढलंय त्येला, आता मद्रासला कसा धाडू?"

गेल्या वर्षी चाचा गेले. त्यांची फार आठवण येते. पितृपंधरवड्यात मी मामांकडे गेलो, तर न्हाव्यापुढे दोन पानं वाढलेली. एकावर वडे होते, दुसऱ्यावर नव्हते.

"हे दुसरं कुणाचं?"

"चाचाचं," मामा म्हणाले. "त्येंला डागदरनं तेलकट बंद केलतं."