शिट्टी न झालेला सुरुंग

शेवंतीनं आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते गोधडी पिळायचं. रविवारची दुपार. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. मी चुकीच्या बाजूला फिरवत होतो, पाणी कसलं गळतंय!

"अहो, खंय फिरवतास? वीस वर्सां पिळतास, अजून बाजू कळाक नाय!" म्हणून हसली.

दिंडोशीच्या डोंगराखाली आमची खोली. वर दगडाची खदान. तिथं मी भोकं पाडायचं मशीन चालवायचो, त्यात निम्मे कान गेले. रोज दुपारी सुरुंग उडवायच्या आधी शिट्टी व्हायची. शिट्टी झाली की शेवंती हातातलं टाकून भांड्यांची मांडणी दोन्ही हातांनी धरून उभी. "येवंदे तुजो सुरुंग," असं डोंगराला सांगायची. बायका थट्टा करायच्या तर म्हणायची, "फुटल्यार तुमी देतल्यात काय नवी?" आणि माझ्यावर वैतागली की एकच वाक्य, "देवान तुमका कान दिले, ऐकूची अक्कल देऊक इसारलो."

त्या दिवशी गोधडी वाळत टाकून आम्ही चहाला बसलो. बशी तोंडाला लावता लावता ती उठली आणि मांडणी धरून उभी राहिली. शिट्टी नव्हती.

"काय गं? वेड लागलं?"

"खालसून गुरगुरता हा."

"सुरुंग असेल."

"आयतवारचो? खदान बंद मा आज?"

मग ते आलं. सुरुंग एक धक्का देतो आणि संपतो. हे पायाखालून आलं आणि संपेना. कोणी अख्खी खोली सुपात घेऊन पाखडावी तसं. हंड्यातलं पाणी एका कडेला चढलं, मग दुसऱ्या. तिच्या हाताखाली भांडी बारीक वाजत होती, थंडीत दात वाजतात तशी. बाहेर एकही कुत्रा भुंकला नाही. दगड फोडणारा मी, बशी धरून बसूनच राहिलो. तिनं मांडणी सोडली, माझं बनियन धरलं आणि मला फरफटत बाहेर काढलं. मागं भांडी कोसळली. तिनं वळूनही बघितलं नाही.

बाहेर सगळे बोलायला लागले, थांबलं, वाचलो. शेवंती पायरीवर बसली, पाय जमिनीला घट्ट टेकवून.

"थांबाक नाय अजून. हलता हा."

शेजारची आग्नेसबाय म्हणाली, "कधीच थांबलं ना गं."

"नाय. अहो, तुमी तरी सांगा. हलता मा?"

चारचौघांत मला लाज वाटली. म्हणालो, "नाटकं पुरे. काही हलत नाही. ऊठ."

ती उठली नाही. पुन्हा बोललीही नाही. दिवस मावळायला तिथंच कलंडली. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. जमीन हलत होती की तिच्या आतलं काही, मला आजही माहीत नाही. पण तिनं विचारलं होतं मला.

सकाळी तिला न्यायला सगळी वस्ती जमली. "उचला" म्हणाले, तेव्हा मी "थांबा" म्हटलं. चपला काढल्या आणि पायरीवर जाऊन बसलो. जमीन गार होती, गप्प होती. मला काही म्हणजे काही कळलं नाही.

"हलतंय," मी म्हणालो. माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "शेवंती, हलतंय गं. हलतंय."