चपलांजवळचा भाई

भाई परब देवळात बसायचा तो सगळ्यांच्या मागे, चपलांच्या ढिगाजवळ. अंगात कॉलर विरलेला सदरा आणि नजर जमिनीवर. डोक्यावरचं छप्पर त्याच्या पैशाचं, खालची लादी त्याच्या पैशाची, रवळनाथासमोरची समईसुद्धा त्याचीच. पण नावाची पाटी कुठे लावू दिली नाही. परिणाम असा, की अख्खं गाव देवाकडे पाठ करून भाईकडे बघत बसायचं. 'एवढा मोठा माणूस, आणि बसतो कुठे बघा!' रवळनाथ बिचारा आमच्या पाठी मोजत उभा.

शेजारची ताराकाकी मात्र कोणाची भीड ठेवणारी नव्हे. एकदा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "भाई, तुझो साधेपणो देवबागसून दिसता रे! जरा पुढे बस, लोकांका देव दिसांदे."

भाई हसला आणि आणखी थोडा मागे सरकला.

हा माझा थोरला चुलतभाऊ. रसायनशास्त्रातला डॉक्टर. त्याच्या पदव्या म्हणायला भरतीला सुरुवात केली तर ओहोटीला संपायच्या. मुंबईत औषधांच्या कच्च्या मालाचा कारखाना होता. भाईच्या बागेतले हापूस स्वतःच उड्या मारून पेटीत बसतात, असं मी सावंतवाडीच्या बाजारात सांगितलं, तर दोघांनी ते खरं मानलं. पैशाची कीर्तीच तशी. कारखाना विकून तो आणि त्याची बायको माई गावी आली, तेव्हापासून कोणाची फी, कोणाचं औषधपाणी, कोणाच्या घराची कौलं, सगळं भाईच्या दारातून निघायचं.

घेण्याच्या नावाने मात्र शून्य. कोणी परसातलं पडवळ नेऊन दिलं, की दुसऱ्या दिवशी बदल्यात काजूची पिशवी हजर. "माका काय कमी आसा? ज्येका नाय, तेका दे," हे त्याचं ठरलेलं वाक्य. हळूहळू लोक कंटाळले. अशा माणसाकडे रिकाम्या हाताने जायला लाज, आणि भरल्या हाताने जाऊन उपयोग काय?

मग माईच्या किडन्या गेल्या. भाई स्वतः गाडी चालवत तिला गोव्याच्या हॉस्पिटलात न्यायचा आणि संध्याकाळी परत आणायचा. जाताना ती बसलेली दिसायची, येताना आडवी. त्याचे डोळे खोल गेले होते. गावाला सगळं दिसत होतं, पण पायरी कोणी चढलं नाही. ज्याच्याकडे सगळं आहे त्याला विचारायचं तरी काय?

त्याच वर्षी आमचा आबा गेला. आबा म्हणजे गावाचं गाऱ्हाणं घालणारा. आमच्याकडे देवासमोर नारळ ठेवून एकाने गावाच्या वतीने मागणं बोलायचं, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. हा मान परबांच्या घराचा. आबानंतर तो भाईकडे आला.

जत्रेच्या सकाळी भाई चपलांजवळून उठला. माई बाहेर गाडीतच पडून होती. तिला पायऱ्या चढवत नव्हत्या. भाईने हात जोडले.

"हे परमेश्वरा, समस्त मानवजातीस सद्बुद्धी लाभो."

व्हय कुठे म्हणायचं, कोणाला कळेना.

"निसर्गाचे संतुलन अबाधित राहो."

मागे कोणीतरी शिंकलं.

"भाई," ताराकाकी ओरडली, "देव आपलो मालवणी आसा! आणि मानवजात ऱ्हवांदे. तुका काय व्हया ता माग."

"माका काय नको, काकी."

"बाईल थंय गाडयेत आडवी, आणि तुका काय नको? देवापेक्षा मोठो झालंस काय रे?"

भाईने देवासमोरचा नारळ उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. मी सांगताना त्यात एक अख्खं पावसाळी अधिवेशन गेलं असं सांगतो. मग तो हळूच बोलला, "म्हाराजा, माका मागूक येणा नाय."

"व्हय म्हाराजा!" सवयीने गाव गरजलं.

मग सगळ्यांनी जिभा चावल्या. पण भाईच हसला आणि हसता हसता रडायला लागला. "जल्मभर दिलंय म्हाराजा. हात पसरूक लाज वाटली."

"व्हय म्हाराजा."

"माझी बाईल बरी कर रे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळचा आवाज असा, की वादळ आलं समजून देवबागच्या होड्यांनी नांगर टाकले.

त्या दुपारपासून भाईच्या पायरीवर टोप दिसायला लागले. कोणाची पेज, कोणाचं तिखट न घातलेलं सार. ताराकाकी माईचे पाय चेपत बसायची. गोव्याला गाडी माझा पुतण्या न्यायचा, आणि भाई मागे माईचं डोकं मांडीवर घेऊन चक्क घोरायचा. काजूची पिशवी कोणाकडे आली नाही.

माई वाचली नाही. पुढच्या जत्रेला भाई येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. आला. चपलांजवळ न बसता आमच्या मध्येच, गुडघ्याला गुडघा लावून बसला.

काकीने विचारलंच. "देवान आयकल्यान नाय, तरी इलंस?"

"देवाचा माका म्हायत नाय, काकी," भाई म्हणाला. "तुमी आयकलास."

यंदा भाई गेला. बरीच घरं बंद आहेत, देवळातली माणसं एका चटईवर मावतात, ताराकाकीला धरून आणावं लागतं. परबांतला गावात मीच उरलोय, म्हणून जत्रेला नारळ माझ्या हातात आला. आयुष्यभर नुसत्या थापा मारलेला मी, मोठं गाऱ्हाणं जुळवून गेलो होतो. पण भाईची रिकामी जागा दिसली आणि सगळं गळून पडलं.

"म्हाराजा," मी म्हटलं, "दमलंव रे."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं. आवाज इतका लहान, की वाढवून सांगायला मलाही जमणार नाही.