आत्याचा सैल हात

सुलक्षणा परब वाढायला उभी राहिली, की समोरच्याने ताटावर आडवं पडावं तरी डावभर भात जास्तच पडायचा. हात सैल, दुसरं काय! पण जोगेश्वरीतल्या दातांच्या दवाखान्यात मात्र तिने एकोणीस वर्षं काढली ती मोजूनमापून. डॉक्टर डोळे मिटून विश्वास टाकायचे.

यंदा डॉक्टर अनय यांनी एक तपासणी काढली होती. दात पांढरे करायचं जेल भरून ट्रे दातांवर बसवला, की त्यातलं पेरॉक्साइड तोंडात किती उतरतं, ते बघायचं. पाचव्या मिनिटाला, अर्ध्या तासाने आणि तासाने लाळेत कागदी पट्टी बुडवायची. पट्टी जितकी निळी, तितकं पेरॉक्साइड जास्त. नऊ जणांचं सारखंच निघालं: आधी गडद निळी, मग फिकट, तासाने जवळजवळ कोरी. तोंडातली लाळच त्याचा निकाल लावते म्हणे. अट एकच, जेल सगळ्यांना अर्धी सिरिंज. ते भरायचं काम सुलक्षणाकडे.

दहावी आली जान्हवी, तिच्या भावाची मुलगी. लग्न आठ दिवसांवर! पोरीचे दात चारचौघींत उठून दिसायला नकोत? आत्याचा हात गेलाच पुढे. अख्खी सिरिंज रिकामी झाली.

पाचव्या मिनिटाला पट्टी काळपट निळी. अर्ध्या तासाने बघावं तर तशीच, आणि जान्हवीच्या डोळ्यांत पाणी. डॉक्टरांनी ट्रे काढला. हिरडीवर पांढरा चट्टा उठला होता. चुळा भरायला लावल्या, एक-दोन दिवसांत जाईल म्हणाले, पण कपाळावरची आठी काही जाईना. ट्रे जिभेने ढकलून जेल बाहेर काढलंस का, म्हणून त्यांनी तिला विचारलं. जान्हवीने आत्याकडे एकदा पाहिलं आणि हो म्हणून मान हलवली.

सुटली की बाई! आता फक्त गप्प बसायचं होतं. डॉक्टर वहीत तसं लिहायलाही लागले. एकोणीस वर्षांची अब्रू एकीकडे, आणि भाजलेल्या तोंडाने आपल्यासाठी खोटं बोलणारी पोर एकीकडे. लाज वाटली तिला स्वतःची.

"डॉक्टर, तिने काही केलं नाही," ती म्हणाली. "मीच अख्खी सिरिंज भरली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ओरडले असते तर परवडलं असतं.

"आणि त्या नऊ जणांना?"

"अर्धीच. देवाशप्पथ, मोजून."

ते खरं होतं. पण शपथ घ्यावी लागली, तिथेच सगळं आलं. डॉक्टरांनी वहीतलं पहिल्या माणसाच्या नोंदीचं पान उघडून त्यावर आडवी रेघ मारली, पान उलटलं, पुन्हा मारली. नववं पान होईपर्यंत सुलक्षणा तिथेच उभी होती.