टाके माझे, कळा आत्याबाईंच्या

चि. मीरा आणि चि. सलील,

गेल्या महिन्यात सलीलचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा फोनवर तो म्हणाला, "आजी, हातात एक बटण दिलंय, दुखलं की दाबायचं." आणि मीरा तर भूलशास्त्राच्या रिसर्चमध्येच आहे. तुमच्याकडे नर्स येऊन विचारते म्हणे, दहापैकी किती दुखतंय... मी फोन ठेवला आणि बराच वेळ चिडून बसले. तुमच्यावर नव्हे. ज्यांच्यावर चिडायचं ती माणसं आता नाहीत, म्हणून तुम्हाला लिहिते. ज्या ग्रुपवर तुम्ही दोघं भुताखेतांचे अनुभव वाचता तिथे टाकायचं तर टाका, नावं गाळा. यात भूत मात्र नाही.

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. माझे वडील हेडमास्तर. आमच्या घरात नारळ फुटायचा तो चटणीसाठी. मी नागपूरला लॉजिक घेऊन बी.ए. केलं. लग्नात तुमच्या पणजीने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, माझी दृष्ट काढली, तर माझं पहिलं वाक्य होतं, "मिरच्या वाया गेल्या." त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्या हसून म्हणाल्या होत्या, "जाऊ दे पोरी, तुयं शिक्षण तरी कुठं वाया गेलं नाई? चूलच फुकून राह्यली ना तू?"

असं आमचं चालायचं. माझं शिक्षण आणि त्यांचे देव, दोन्ही एकाच स्वयंपाकघरात.

गोष्ट पन्नासच्या दशकातली, तुमच्या बाबांच्या जन्माआधीची. तुमचे आजोबा समुद्रपूरला शाळेत मास्तर होते. उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि माझ्या पोटात उजवीकडे खाली दुखायला लागलं. आत्याबाईंनी ओवा दिला, हिंग लावला. दुसऱ्या दिवशी ताप चढला तेव्हा आजोबांनी दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, जुंपायला लावली. जाम गावापर्यंत दमणीत, तिथून मोटारीने वर्धा. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. डॉक्टरांनी पोट दाबलं आणि म्हणाले, "अपेंडिक्स. आजच कापायला हवं."

भूल म्हणजे तेव्हा ईथर. तोंडावर तारेची जाळी, जाळीवर फडकं, फडक्यावर थेंब थेंब औषध. वास असा की अजूनही थिनरच्या डब्यापाशी माझा जीव गुदमरतो. आकडे मोजायला सांगितले, काही म्हटले, पुढचं आठवत नाही. मीरा, ऑपरेशनमध्ये मला काही कळलं नाही, याबद्दल तुझ्या शास्त्राला माझा नमस्कार. पण ते शास्त्र टेबलाशीच थांबायचं. टेबलावरून खाटेवर आणलं की बाई तू आणि तुझं नशीब.

जाग आली ती उलटीने. उलटीने टाके ताणले, आणि मग जे सुरू झालं त्याला मी आजही शब्द देऊ शकत नाही. मी सिस्टरला म्हटलं, काहीतरी द्या. ती म्हणाली, "मॉर्फिया संध्याकाळी लिहिलाय. आत्ता नाही देता येत." डॉक्टर राउंडला आले. मी त्यांनाही विचारलं, इंग्रजीत विचारलं, म्हणजे तरी ऐकतील असं वाटलं. ते म्हणाले, "दुखणारच. दुखतंय म्हणजे जखम भरतेय. सवय लागली तर जन्माची पंचाईत होईल." आणि पुढच्या खाटेकडे गेले. दुखण्याने जखम भरते हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय, हे मला विचारायचं होतं. श्वास पुरला नाही.

आत्याबाई उशाशी होत्या. त्यांना माझं कण्हणं ऐकवेना. त्या उठल्या, दोन्ही तळहात माझ्या कपाळावरून गालांवरून खाली ओढले आणि स्वतःच्या कानशिलांवर टेकवून बोटं कडाकडा मोडली. याला अलाबला घेणं म्हणतात. मोठ्या बायका लेकरांची घेतात: तुझी पीडा मला येवो, म्हणून. आमच्याकडे बारशात, परीक्षेला जाताना, गावाला निघताना, ऊठसूट घ्यायच्या. कुणी त्याचा विचार करत नसे.

त्या म्हणाल्या, "दे बाई इकडं. मी जून हाड हाये, मले चालते."

आणि माझं दुखणं थांबलं.

कमी झालं नाही. थांबलं. मी पोटावर हात ठेवला, पट्टी होती, ओलसर होती, पण दुखत नव्हतं. मी वर बघितलं तर आत्याबाई खाली फरशीवर बसल्या होत्या, उजव्या कुशीला हात दाबून, आणि त्यांच्या ओठांवर घाम होता.

"काय झालं?"

"काई नाई... वात आला असंन."

तुमचे आजोबा त्यांना धरून मागच्या पडवीत घेऊन गेले. पेशंटची माणसं तिथेच चूल मांडून राहायची. माझ्या खिडकीतून त्यांचं कण्हणं ऐकू यायचं. वॉर्डातल्या बाया म्हणायला लागल्या, ऑपरेशन सुनेचं झालं का सासूचं?

संध्याकाळी सिस्टर ठरलेलं इंजेक्शन घेऊन आली. मला नको होतं, पण तिच्या हातात सुई तयार होती. टोचून घेतलं. ना गुंगी आली, ना झोप. दंडात पाणी गेल्यासारखं वाटलं. थोड्या वेळाने आजोबा आत आले. "आई झोपली बघ. इतका वेळ तडफडत होती, बोलता बोलता एकदम शांत झाली."

मी तेव्हा योगायोग म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीतून पुन्हा तेच कण्हणं. दुपारी मला सुई, आणि पडवीत शांतता. त्यानंतर पुन्हा तसंच. मी आजोबांना काही न सांगता विचारायची, आत्ता आई कशी आहे? ते म्हणायचे, "आत्ताच डोळा लागला." त्यांना सुईची वेळ माहीत नसायची.

मीरा, तू म्हणशील डॉक्टरांना का नाही सांगितलं? आधी आत्याबाईंना तपासा म्हणून हट्ट धरला. त्यांनी पडवीत जाऊन पोट दाबलं आणि म्हणाले, "पोट मऊ आहे. गॅस." सोडामिंटच्या गोळ्या दिल्या. जिला दुखत होतं तिला सोडामिंट आणि जिला दुखत नव्हतं तिला मॉर्फिया.

मग राहिला एकच रस्ता. मी कण्हायला लागले. हेडमास्तरांची मुलगी, आयुष्यात कधी खोटी रजा घेतली नाही, ती पडवीतला आवाज वाढला की खाटेवर ओरडायची, "सिस्टर, सहन होत नाही." आत्याबाईंना ते ऐकू जायचं. एकदा आजोबांच्या आधाराने आत आल्या, माझ्याकडे टक लावून बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "तुले तं काईच होऊन नाई राह्यलं. मंग कायले बोंबलतं?"

"तुमच्यासाठी."

त्या हसल्या, हसताना पोट धरलं. "वा गं सूनबाई. पोट तुयं फाडलं, बोंब मी मारली, अन् सुई पुन्हा तुले. मायी मज्जाच हाये."

तोंडाने थट्टा, पण त्यांचे ओठ पांढरे पडले होते. जेवण सुटलं होतं. त्या वयात असं किती दिवस काढणार, याचीच मला धास्ती होती.

मग ती दुपार आली. मी कण्हले, सिस्टरने सुई दिली, आणि पडवी शांत झाली नाही. मी वाट बघितली. आवाज वाढतच गेला. आजोबा धावत आत आले, "आईला फार होतंय, काय करू?" मला कळेना. सुई तर झाली होती.

संध्याकाळी डॉक्टर राउंडला आले आणि खाटेशी खुर्ची ओढून बसले. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून स्पष्ट सांगतो. दुपारी तुम्हाला नुसतं पाणी टोचलं. माझ्या सांगण्यावरून. आणि तुम्ही निवांत पडून होतात. म्हणजे तुम्हाला वेदना नाहीत, सुईची चटक लागलीय. उद्यापासून बंद."

मी उठून बसले. म्हटलं, "डॉक्टर, मला खरंच वेदना नाहीत. पण तुम्ही पाणी दिलंत ते मला माहीत नव्हतं. पडवीत माझ्या सासूबाईंना तर नव्हतंच. मग नेमका आजच त्यांना आराम का पडला नाही?"

"कुणाला?"

मी सगळं सांगितलं. क्रमाने, तर्काने, जसं लॉजिकच्या पेपरात मांडायचे तसं. म्हटलं, प्रयोग तुम्हीच केलात, निष्कर्ष तरी बघा. ते उभे राहिले. म्हणाले, "इंग्रजी शिकून तुम्ही असलं बोलता, मग खेड्यातल्या बायांना काय म्हणायचं?" आणि सिस्टरला सुई बंद करायला सांगून गेले.

मला त्या माणसाचा अजून राग येतो. वाईट नव्हता, माझा जीव त्यानेच वाचवला. पण त्याच्या हातात जे आलं होतं ते त्याने उलटून बघितलंसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी मी भिंत धरून पडवीत गेले. आत्याबाई गोधडीवर गुडघे पोटाशी घेऊन पडल्या होत्या. मी वाकले, त्यांच्या कपाळावर हात ठेवले, खाली ओढणार तोच त्यांनी माझी मनगटं पकडली. त्या अवस्थेतही पकड अशी की सुटेना.

"नाई. लहान्यानं मोठ्याची बला घ्याची नाई. रीत नाई ते."

"आत्याबाई, रीत गेली खड्ड्यात. माझं आहे ते मला परत द्या."

"एकडाव घेतलं ते घेतलं. तू आपली खाटीवर जा, टाके तुटतीन."

मी रडले, भांडले. आजोबांनीही सांगून पाहिलं. आत्याबाईंनी मनगटं सोडली ती मी वळल्यावरच. मग टाके काढायच्या दिवसापर्यंत त्यांनी ते औषधाशिवाय सोसलं, आणि मी शेजारच्या भिंतीआड ठणठणीत पडून ऐकलं. टाके काढताना मला काही कळलं नाही. पडवीत आत्याबाईंनी पदर दातात धरला होता, आजोबांनी सांगितलं.

घरी आल्यावर त्या पुन्हा चुलीशी बसल्या. कळा गेल्या, पण पुरत्या नाही. आभाळ भरून आलं की हात उजव्या कुशीला जायचा. मी विचारलं की म्हणायच्या, "कायचं बापा, वय झालं."

तेव्हापासून मी भेटेल त्या डॉक्टरला विचारलं. एक म्हणाला हिस्टेरिया. एक म्हणाला सहानुभूतीच्या वेदना असतात. मीरा, तुला फोनवर मोघम सांगितलं तेव्हा तू प्लासीबो म्हणालीस, औषध मिळालं या समजुतीनेच आराम पडतो म्हणून; मग मी पाण्याच्या सुईचं सांगितलं तेव्हा म्हणालीस, "एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही, आजी." मला मान्य आहे. मला सिद्ध करायचंच नाही. कुणीतरी "माहीत नाही" एवढं तरी म्हणावं, इतकीच अपेक्षा होती. मलाही माहीत नाही.

आत्याबाई म्हातारपणाने, शांतपणे गेल्या. त्यानंतर काही दिवसांनी, एका ढगाळ सकाळी, मी अंगणात असताना माझ्या उजव्या कुशीत बारीक कळ आली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. मीरा, तू म्हणशील, आतले पदर चिकटले असतील. असतील. मग मधली इतकी वर्षं हे दुखणं कुठे होतं, तेवढं मला सांग.

आत्याबाई नाहीत, ते डॉक्टर नाहीत, तुमचे आजोबाही नाहीत. दवाखान्याची ती पडवी पाडली असं ऐकते. दुखणं तेवढं शिल्लक आहे.

तुमची,
आजी